फळीवरची माणसे

१९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. त्यानंतरच्या वर्षी मी तेव्हाच्या औरंगाबादेत शिकत होतो. एका वसतिगृहाच्या खोलीत आम्ही दहाबारा जण दर रविवारी जमत असू. प्रत्येकाने एखादे पुस्तक, नाटक किंवा चित्र घ्यायचे आणि त्यावर बोलायचे, असा आमच्या अभ्यासमंडळाचा परिपाठ होता. माझ्या वाट्याला चित्र आले. ग्रंथालयात चित्रकलेचे एक जाडजूड पुस्तक होते. त्याच्याकडे कोणी फिरकत नसे आणि ग्रंथपालाने ते मला आनंदाने दिले. त्यात एका पानावर काळ्यापांढऱ्या छपाईत क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे १८७५ सालचे ‘कोळसा उतरवणारे’ हे चित्र होते.

त्या रविवारी मी पंधरावीस मिनिटे बोललो. काय बोललो ते आज सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे, कारण हा लेख त्या भाषणाची दुरुस्ती आहे. मी म्हणालो की, हे भांडवली नजरेचे चित्र आहे. यातल्या एकाही माणसाला चेहरा नाही. चित्रकाराला माणसांशी देणेघेणे नाही, धुके आणि पाणी यांच्याशी आहे. श्रमिकांचे शोषण त्याने नक्षीसारखे वापरले आहे. टाळ्या पडल्या. त्या वयात आणि त्या दिवसांत अशा वाक्यांना टाळ्या पडतच. फक्त एक मित्र गप्प होता. त्याच्या गावातले त्याचे घर आदल्या वर्षी जळाले होते. तो शेवटी इतकेच म्हणाला, “चेहरे नाहीत म्हणतोस, पण आपली घरं जळत होती तेव्हा पेपरात जे फोटो आले त्यात तरी कुठं चेहरे होते?” त्याला नेमके काय म्हणायचे होते ते मला कळले नाही. मी ते टीकेसारखे घेतले आणि विसरून गेलो.

दिवाळीच्या सुटीत ते पुस्तक मी घरी नेले. घरी म्हणजे रेल्वेच्या एका मोठ्या जंक्शनाजवळच्या वस्तीत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथल्या लोकोशेडमध्ये ठेकेदाराकडे कोळशाच्या कामावर होते. मालडब्यातला कोळसा पाट्यांनी उतरवायचा, फळीवरून चढून इंजिनाच्या टेंडरमध्ये टाकायचा आणि रिकामी पाटी घेऊन परत यायचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. वीस वर्षे त्यांनी हेच केले. त्यांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्यांनी ते पान बघितले आणि जे बोलले, त्यामुळे माझे भाषण मोडून पडले. पण ते सांगण्याआधी चित्र काय आहे हे सांगायला हवे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल.

चित्र मोठे नाही. उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, रुंदी ६६. मूळ चित्र मी पाहिलेले नाही. बऱ्याच वर्षांनी एक बऱ्यापैकी रंगीत प्रत मिळाली, तिच्यावरूनच लिहितो आहे. पॅरिसच्या वायव्येला सेन नदीवर आस्निएर नावाचे ठिकाण आहे. तिथल्या धक्क्याला कोळशाच्या होड्या लागल्या आहेत. होड्यांतून काठापर्यंत लांब, अरुंद फळ्या टाकलेल्या आहेत. त्या फळ्यांवरून माणसे जात आहेत आणि येत आहेत. जाणाऱ्यांच्या अंगावर भरल्या टोपल्यांचा भार आहे, येणाऱ्यांच्या टोपल्या रिकाम्या आहेत. माणसे म्हणजे कुंचल्याचे थोडेसे गडद फटकारे, पण कोणते पाय भाराखाली आहेत आणि कोणते मोकळे आहेत हे स्पष्ट कळते. वरच्या बाजूला एक पूल चित्राच्या आरपार गेला आहे. त्यावरून लोक चालले आहेत, गाड्या चालल्या आहेत. दूर पलीकडे, क्लिशीच्या बाजूला, कारखान्यांची धुराडी आहेत. सगळ्यावर एक करडा, हिरवट, मळकट उजेड आहे. ऊन नाही. ज्या चित्रकाराची ओळख उन्हाने होते, त्याने इथे ऊन ठेवलेले नाही.

हा कोळसा कशासाठी? पॅरिस तेव्हा वाढत होते. १८५३ पासून १८७० पर्यंत ओसमान नावाच्या प्रशासकाने जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले होते. १८६० साली आसपासच्या वस्त्या शहरात सामील करून घेतल्या, वॉर्ड बाराचे वीस झाले. १८५१ च्या सुमारास दहा लाखांवर असलेली वस्ती पंचवीस वर्षांत जवळजवळ वीस लाखांवर गेली. या रुंद रस्त्यांना रात्री उजेड मिळे तो कोळशापासून काढलेल्या गॅसचा. कारखाने कोळशावर, आगगाड्या कोळशावर, श्रीमंतांच्या घरातली ऊब कोळशावर. जुन्या गल्ल्यांतून उठवलेले मजूर शहराच्या कडेला फेकले गेले होते आणि त्याच कडेला ही धुराडी उभी राहत होती. आस्निएर आणि क्लिशी म्हणजे ती कड.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिसच्या कामगारांची कम्यून सरकारी फौजेने रक्तात बुडवली. २१ ते २८ मे या एका आठवड्यात हजारो माणसे मारली गेली. मोने तेव्हा देशाबाहेर होता. चित्र त्यानंतर चार वर्षांनी काढलेले आहे. पॅरिसच्या मध्यमवर्गाला रांगेने चालणारे मजूर पाहून काय वाटत असेल याचा अंदाज करता येतो. अशा वेळी मजुरांचे चित्र काढणे ही साधी गोष्ट नव्हती. पण म्हणून मोनेला क्रांतिकारक ठरवण्याची घाई मी करणार नाही. ती चूक वेगळ्या प्रकारची आणि तितकीच आळशी आहे.

मोने १८७१ च्या अखेरीपासून १८७८ च्या सुरुवातीपर्यंत आर्झांतय या गावी राहत होता. तेही सेनच्या काठी. तिथून पॅरिसला जाणारी गाडी आस्निएरजवळ नदी ओलांडते. म्हणजे हे दृश्य त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचे. आर्झांतयमध्येही कारखाने होते, पण मोनेच्या चित्रांत ते दूर, बारीक होतात आणि पुढे येतात ती शिडाची होडकी, झाडे, छत्री घेतलेली बायको. त्याची परिस्थिती त्या काळात चांगली नव्हती. १८७५ च्या मार्चमध्ये त्याने, रन्वारने, सिस्लेने आणि बेर्थ मोरिझोने मिळून आपल्या चित्रांचा जाहीर लिलाव केला. लोकांनी हुर्यो केली आणि चित्रे कवडीमोलाने गेली. त्याच वर्षीचे हे चित्र. हात तंग असलेला एक माणूस रोज गाडीतून ज्यांना पाहतो, त्यांच्यापाशी एकदा थांबला, इतकेच मी म्हणेन. त्याच्या सगळ्या कामात अशी मोठ्या श्रमाची चित्रे जवळजवळ नाहीतच.

आता दादांकडे येतो.

त्यांनी पान कंदिलाजवळ धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून मोजू लागले. एक, दोन, तीन. मला वाटले माणसे मोजताहेत. ते माणसांमधले अंतर मोजत होते.

“यानं फळी बघितलीय,” ते म्हणाले.

मी विचारले, म्हणजे काय?

“फळी लवते ना. पुढचा किती लांब हाय ते बघूनच मागच्यानं पाय टाकायचा. जवळ गेला तर दोघांचा झोक एक होतो आन् फळी उडवते. लई लांब राहिला तर मुकादम शिव्या घालतो. हे बघ, हे समदे बरोबर लांबीवर हायेत.”

मी गप्प झालो. त्या पुस्तकात चित्राखाली जो इंग्रजी मजकूर होता, त्यात माणसांच्या या सारख्या अंतराविषयी लिहिलेले होते. चित्राची लय, आकृत्यांची पुनरावृत्ती, जपानी छापचित्रांचा प्रभाव. हे खोटे नाही. मोनेला जपानी चित्रांचे वेड होते आणि त्यांची मांडणी त्याने डोळ्यांत मुरवली होती. मीही अभ्यासमंडळात तोच मजकूर उलटा करून वापरला होता. ते लयीला सौंदर्य म्हणत होते, मी त्याच लयीला नक्षी म्हणून हिणवले. दोघांनाही ती लय चित्रकाराच्या मनातून आली असे वाटत होते. ती फळीतून आली होती हे फळीवर चाललेल्या माणसानेच सांगितले.

मला वाटते, आपल्या समीक्षेने इथे थांबून विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रस्थापित समीक्षक आपल्या साहित्याविषयी म्हणत आले की, यात अनुभव आहे, पण कला कुठे आहे? आपण उत्तर देत आलो की, अनुभव हीच आमची कला. हे उत्तर लढाईत उपयोगी पडले, पण ते अर्धवट आहे. त्यात अनुभव म्हणजे एक ओझे असते, जे कलाकृतीत आणून टाकायचे. दादांच्या बोलण्यात अनुभव हे एक ज्ञान होते. किती अंतर ठेवायचे, भरल्या पाटीखाली गुडघा किती वाकवायचा, रिकामी पाटी कशी धरली म्हणजे वारा लागतो. हे ज्ञान असलेल्या माणसाला चित्रातली लय ‘दिसली’ नाही, ‘पटली’. रसिकता ही ज्यांनी काही उचललेले नाही त्यांचीच मिरास असते, असे आपल्याला शिकवण्यात आले आणि नकार देतानाही आपण ते मनातून मानत राहिलो. नाहीतर मी त्या पानावर बोलण्याआधी दादांना का विचारले नाही?

आता चेहऱ्यांचा प्रश्न. या चित्रात चेहरे नाहीत हे खरे आहे. पण कूर्बेचे ‘दगडफोडे’ घ्या. १८४९ सालचे हे चित्र दुसऱ्या महायुद्धात १९४५ साली द्रेस्देनजवळ नष्ट झाले. त्याची छायाचित्रे उरली आहेत. बांधिलकी मानणारा प्रत्येक समीक्षक ते आदर्श म्हणून दाखवतो. त्यात दोन माणसे आहेत. म्हाताऱ्याचा चेहरा टोपीच्या सावलीत गेला आहे आणि तरुणाने आपल्याकडे पाठ केली आहे. तिथे चेहरे नाहीत याचा आपण अर्थ लावतो की, समाजाने त्यांचे माणूसपण पुसले आहे. मोनेच्या चित्रात चेहरे नसले की, चित्रकाराने पुसले म्हणतो. एकाच गोष्टीचे दोन निकाल. कूर्बे कम्यूनमध्ये होता, तुरुंगात गेला, म्हणून त्याला सूट आणि मोने नव्हता म्हणून त्याला नाही. चरित्र पाहून चित्राचा निवाडा करण्याची ही सवय आपण ज्यांच्यावर टीका करतो त्यांच्याकडूनच घेतली आहे. तेही लेखकाची जात पाहून पुस्तकाचा निवाडा करीत आले.

माझ्या मित्राचे वाक्य मला इथे आठवते. जळालेल्या वस्तीच्या फोटोत चेहरे नसतात, कारण फोटो काढणारा येतो तेव्हा माणसे पळून गेलेली असतात. चेहरा नसणे हीच कधीकधी बातमी असते. ओझ्याखालच्या माणसाचा चेहरा त्याच्या पायांकडे असतो. दादांना त्या चित्रात चेहरा नाही हे खटकलेच नाही. मी मुद्दाम विचारले तेव्हा म्हणाले, “फळीवर कोण वर बघतंय?”

त्याच काळातले श्रमाचे दुसरे चित्र म्हणजे गुस्ताव्ह काय्यबोतचे ‘लाकडी फरशी तासणारे’. तेही १८७५ चेच. एका ऐसपैस खोलीत तीन उघड्या अंगाचे कामगार गुडघ्यांवर बसून फरशी तासताहेत. समोरून, बाल्कनीच्या नक्षीदार लोखंडी कठड्यातून उजेड येतो आणि त्यांच्या पाठींवर, ओल्या फरशीवर पडतो. लाकडाच्या छिलक्या पडल्या आहेत. बाजूला एक बाटली आणि पेला आहे. अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले, म्हणून १८७६ च्या दुसऱ्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात ते लागले. काहींना विषय हलका वाटला, कामगारांचे हात फार बारीक वाटले. एमिल झोला तर कामगारांच्या बाजूचा कादंबरीकार, पण त्यालाही ते रुचले नाही. इतका काटेकोर हुबेहूबपणा त्याला कलेच्या विरोधी आणि मध्यमवर्गी वाटला. काय्यबोतचा बाप लष्कराला कापड पुरवून श्रीमंत झाला होता आणि ही खोली काय्यबोतच्या स्वतःच्या घरातलीच असावी असे मानले जाते. म्हणजे घरमालकाने आपल्या घरात राबणाऱ्यांचे चित्र काढले.

हे चित्र मला आवडते. कामगार एकमेकांकडे वळून बोलताहेत, हे त्यातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. काम करणारी माणसे एकमेकांशी बोलतात, हे चित्रकारांच्या फारसे लक्षात येत नाही. पण काय्यबोतच्या चित्रात श्रम घराच्या आत आला आहे, मालकाच्या नजरेखाली, मालकाच्या उजेडात. मोनेच्या चित्रात श्रमाला घर नाही, भिंत नाही. होडी, फळी, काठ आणि परत. ही साखळी चित्राच्या चौकटीत सुरू होत नाही आणि संपतही नाही. शहर वाढते ते याच साखळीवर. एखाद्या माणसाची कहाणी सांगून हे दाखवता आले नसते, म्हणून मोनेची दूरची, धुकट, घाईची पद्धत इथे उपयोगी पडली. आपल्याकडे इंप्रेशनिझमला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. डोळ्यांना त्या क्षणी जे प्रत्ययाला आले ते रंगवायचे. या पद्धतीवर आपला आक्षेप असा असतो की, क्षण पकडणाऱ्याला इतिहास पकडता येत नाही. एरवी तो आक्षेप खरा ठरतो. या चित्रात क्षण असा निवडला गेला की, तो दिवसभर, वर्षभर तसाच राहणार होता.

पुलाविषयी मी सावध आहे. वर फिरणारी माणसे, खाली कोळसा वाहणारी माणसे. हे पाहिल्याबरोबर आपल्या मनात उतरंड येते आणि कोणीही तरुण कार्यकर्ता लगेच म्हणेल, ही तर वर्णव्यवस्था! मीही म्हणालो असतो. पण हे इतके सोपे नाही आणि इथे आपल्या विचाराची कसोटी लागते. १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आस्निएरच्या फळीवरचा माणूस संध्याकाळी अंग धुऊन त्या पुलावरून चालू शकत होता. त्याच्याकडे पैसे नव्हते, मान नव्हता, कम्यूननंतर तर पोलिसांचा डोळाही त्याच्यावर असणार. पण त्याच्या सावलीचा विटाळ होत नव्हता. तो ज्या टोपलीला हात लावी तिला हात लावायला शेजारचा मजूर नाही म्हणत नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांत काय होते? तिथेही शहर वाढत होते, तिथेही धुराडी होती. पण विणकामाच्या खात्यात, जिथे मजुरी जास्त होती, तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. नवी कांडी बसवताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागलेले इतर कामगारांना चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी करणारे पुढारी अडचणीत आले. ज्याला हे माहीत आहे तो ‘कामगार’ या एका शब्दात पॅरिस आणि परळ कोंबणार नाही. दादांच्या टोळीत वेगवेगळ्या जातींची माणसे होती. फळी एक होती, पाण्याचे मडके एक नव्हते. मोनेच्या चित्रात मडके नाही, ते बरोबरच आहे. ते रंगवणे त्याचे काम नव्हते. ते आपले काम आहे आणि आपल्या चित्रकारांनी ते किती केले, याचा हिशोब कधीतरी वेगळा मांडावा लागेल.

त्या रात्री चुलीपाशी बसलेल्या आईनेही चित्र मागून घेतले. तिने एकदाच बघितले आणि विचारले, “सांडलेला कोळसा कोण येचतंय?” आमची आई आणि वस्तीतल्या बाया शेडच्या राखेतून अर्धवट जळका कोळसा वेचून आणत. घरची शेगडी त्यावर चाले आणि उरलेला विकला जाई. मी म्हणालो, यात बाया नाहीत. “मग हे चित्र सकाळचं आसंल,” ती म्हणाली. “बाया मागून येत्यात.” मोनेला न दिसलेली गोष्ट तिने रागावून नाही, वेळ सांगून दाखवली. त्याच काळात देगा पॅरिसच्या धोबिणी आणि इस्त्री करणाऱ्या बाया रंगवत होता, त्यात जांभई देणारी बाईसुद्धा आहे. पण धक्क्यावरच्या बाया चित्रात यायच्या राहूनच गेल्या.

आता मुकादमाची गोष्ट. चित्र परत करताना दादांनी शेवटी विचारले, “यात मुकादम कुठंय?” मी शोधला. चित्रात तसा कोणी ओळखू येत नाही. मी म्हणालो, चित्रकाराने काढला नसेल. दादा हसले. “मुकादम कुठं उभा राहतो ठावं हाय का? जिथून समद्या फळ्या एकदम दिसतात तिथं. पाट्या मोजायच्या असत्यात ना त्याला. हे चित्र काढणारा तिथंच उभा हाय.”

या वाक्यावर मी आज पंचेचाळीस वर्षे विचार करतो आहे. त्यात मोनेवर आरोप नव्हता. दादा मुकादमाला शिव्या देत, पण मुकादमाला काम कळते हे मान्य करीत. काम नीट दिसायचे तर मुकादमाच्या जागेवर उभे राहावे लागते, हा एक पेच आहे आणि तो मोनेचा एकट्याचा नाही. फळीवरच्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. सगळ्या फळ्या एकदम दिसण्यासाठी फळीवरून उतरावे लागते. मी शिकलो, मास्तर झालो, लिहू लागलो म्हणजे मी उतरलो. आत्मकथने लिहिणारी आमची पिढी उतरलेल्यांचीच होती. आपण आपल्या बापांच्या श्रमाविषयी लिहिले ते काठावर उभे राहून आणि पाट्या मोजत. काहींनी नीट मोजल्या, काहींनी टाळ्यांसाठी वाढवून सांगितल्या. मी त्या रविवारी वाढवून सांगणाऱ्यांत होतो.

फरक आहे तो असा. ज्या काठावर मी उभा आहे तिथे मला दादांनी पाठवले, मोनेला कोणी फळीवरून पाठवले नव्हते. तो गाडीतून आला आणि गाडीतून गेला. १८७७ साली त्याने सेंट-लाझार स्टेशनाची चित्रे रंगवली. त्यांत इंजिने आहेत, वाफ आहे, काचेचे छप्पर आहे. त्या इंजिनांत कोळसा कोणी टाकला ते तिथे शोधू नका. पुढे तो खेड्यात गेला आणि १८९०-९१ मध्ये त्याने गंजींची प्रसिद्ध मालिका केली. सकाळच्या गंजी, संध्याकाळच्या गंजी, बर्फातल्या गंजी. पीक कापणारा एकही माणूस त्यांत नाही. मला त्या चित्रांसमोर अस्वस्थ व्हायला होते. ज्याने एकदा फळी पाहिली होती, त्याला विळा दिसू नये? त्याला तो दिसत होता आणि त्याने तो वगळला, असे मला वाटते. या बाबतीत मी माझे जुने भाषण पूर्ण मागे घेत नाही.

नदीच्या त्याच भागात, १८८४ साली, जॉर्ज सरा या चोवीस वर्षांच्या चित्रकाराने ‘आस्निएर येथील स्नान’ हे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्र काढले. तेही अधिकृत प्रदर्शनाने नाकारले. त्यात मागे तीच क्लिशीची धुराडी आहेत, पूल आहे. काठावर कामगार पोरे बसली आहेत, काही पाण्यात उतरली आहेत. कोणी काही करत नाही. इतिहासातले राजे आणि देव ज्या आकारात काढायचे त्या आकारात त्याने सुटीतले कामगार काढले. त्यांच्यातला एकजण कधीकाळी मोनेच्या फळीवरही चालला असेल असे मी स्वतःशी म्हणतो. त्याला आधार नाही, पण नऊच वर्षांचे तर अंतर आहे.

सराचे चित्र मला मिळाले तेव्हा दादा नव्हते. ते १९८८ साली गेले. शेवटची काही वर्षे त्यांना खोकल्याने झोपू दिले नाही. पुढे वाफेची इंजिने गेली आणि शेडमधला कोळसाही गेला. मोनेचे चित्र १९९३ साली फ्रेंच सरकारकडे आले आणि आता ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ही इमारत पूर्वी रेल्वे स्टेशन होती. काय्यबोतचे फरशी तासणारेही तिथेच आहेत. आपल्यापैकी कोणी विद्यार्थी शिष्यवृत्तीवर तिकडे जातात, त्यांना मी हे चित्र पाहायला सांगतो. एकाने परत येऊन सांगितले की, त्या चित्रासमोर तो अर्धा तास उभा होता आणि रखवालदाराने त्याला दोनदा मागे सरायला सांगितले. मी त्याला विचारले, अंतर मोजलेस का? तो म्हणाला, कसले अंतर?